लोणारचं पाणी, झांजीबारचा पडदा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. शेगावला रात्रीच्या गाडीत बसावं, रात्रभर डुलक्या काढाव्यात, तेव्हा कुठं सकाळी मुंबईचा खारा वारा नाकाला लागतो. मग मला सांगा, अशा जिल्ह्यात काढलेला चित्रपट ‘गलबतांच्या देशातला चित्रपट’ कसा काय ठरेल?

हा प्रश्न माझा नाही बरं का! तो माझ्या भाचीचा. आणि तिला तो पडला एका प्रवेश-अर्जामुळे. अर्ज होता थेट झांजीबारचा.

नकाशा उघडा पाहू. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, विषुववृत्ताच्या जरा खाली, एक ठिपका दिसेल. तेच झांजीबार. आज ते टांझानिया या देशाचा भाग आहे. मुंबईपासून सरळ रेषेत मोजलं तर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. या बेटावर १९९८ साली पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि आता तो पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या महोत्सवांत गणला जातो. त्यानं स्वतःला नाव घेतलं, ‘धाऊ देशांचा महोत्सव’. धाऊ म्हणजे तिरक्या शिडाचं लाकडी गलबत. आफ्रिकेचा किनारा, अरबस्तान, इराण, भारत आणि मधली बेटं, जिथं जिथं ही गलबतं पूर्वी ये-जा करीत ते सगळे देश या महोत्सवाच्या घरचे. पहिल्या बक्षिसाचं नावही ‘सोनेरी धाऊ’!

म्हणजे भारत यादीत आहे. पण बुलढाणा?

भाची खामगावला कॉलेजात शिकते. ती आणि तिचे दोन मित्र, एक कॅमेरा धरणारा आणि एक आवाज टिपणारा, एवढंच त्यांचं युनिट. कॅमेरा उसना. माइक वेळूच्या काठीला बांधलेला. काम कॉलेज सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. या तिघांनी अकरा मिनिटांचा एक चित्रपट काढला. नाव ‘गोड पाणी, खारं पाणी’. जागा लोणार. शेवटच्या दोन दिवसांच्या चित्रीकरणाला मीही गेलो होतो. माझ्याकडं डबे, छत्री आणि गप्पा हे खातं होतं.

मेहकर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. कपाशी, सोयाबीन, मधूनच तुरीचे तास. जमीन इतकी सपाट, की पुढं जगप्रसिद्ध खड्डा आहे असं कुणी सांगितलं तर खरं वाटू नये. लोणार गाव येतं, गावातली जुनी दगडी देवळं येतात, आणि मग एका ठिकाणी जमीन संपते. खाली पाहावं तर अख्खी गोल दरी! तळाशी हिरवट पाणी, भोवती रान, आणि रानातून मोरांचा आवाज.

हा खड्डा जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचं तोंड असावं, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या दगडांत प्रचंड धक्क्यानं झालेले बदल दाखवून दिले आणि हे काम आकाशातून पडलेल्या अशनीचं आहे, हे पक्कं झालं. वयाचं मात्र अजून एकमत नाही. जुन्या मोजणीत ते ५० हजार वर्षांच्या आसपास आलं, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास. बेसॉल्टसारख्या काळ्या दगडात अशनीनं पाडलेले आणि इतके नीट टिकलेले खड्डे पृथ्वीवर फार थोडे आहेत. म्हणून चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारेही इथं येतात.

हे सगळं तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. भाचीचं म्हणणं वेगळंच. “मामा, लोणारवरची कुठलीही फिल्म लाव. त्यात दगड असतो, उल्का असते, नकाशा असतो. लोणारचं माणूस कुठं असतं?”

तर तिच्या फिल्ममध्ये माणूस होतं. एक आजी. काठावरच्या धारेपाशी फुलं आणि नारळ विकणाऱ्या.

धार म्हणजे गोमुखातून पडणारा गोड्या पाण्याचा झरा. तो बारमाही वाहतो. लोक तिथं आंघोळ करतात, हातपाय धुतात, बाटल्या भरून नेतात. आणि हेच गोड पाणी उतारावरून खाली जाऊन खाऱ्या सरोवराला मिळतं! सरोवराचं पाणी साधं खारं नाही, साबणासारखं बुळबुळीत, अल्कधर्मी आहे. वाटेनं खाली उतरलं की आधी सीताफळीची झाडं, मग बाभळी, मग नाकात शिरणारा उग्र वास, आणि मग पाणी. काठाशी कमळजादेवीचं देऊळ. तिथंच जवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. सासू कुठली आणि सून कुठली, यावर मात्र गावात दोन तट आहेत!

आजी कॅमेऱ्यापुढं बोलायला तयारच नव्हत्या. म्हणाल्या, “काहून फोटो काढून रायली व? माह्यात काय पायण्यासारखं हाये?” भाचीनं कॅमेरा बंद करायला लावला आणि त्यांच्या टोपलीतली फुलं निवडायला बसली. तासाभरानं आजी आपणहून बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्यांदा धारेचं पाणी प्यायल्या ते. उन्हाळ्यात घरच्या विहिरीनं तळ दाखवला की दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण चढायच्या ते. एका वर्षी सरोवर गुलाबी झालं, तेव्हा लोकांची झुंबड उडाली आणि पोलिसांनी धारेजवळ बसू दिलं नाही, तेही.

हे गुलाबी होणं जून २०२० मधलं. रातोरात पाण्याचा रंग बदलला आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत फोटो झळकले. कुणी म्हणे चमत्कार, कुणी म्हणे कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता, आणि अशा कडक खाऱ्या पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्या रंगाला कारण होते. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर’ यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं.

आता गंमत ऐका. ज्या टांझानियात झांजीबार येतं, त्याच टांझानियाच्या उत्तरेला नॅट्रॉन नावाचं एक सरोवर आहे. तेही असंच सोड्याचं, उग्र. उन्हाळ्यात पाणी आटलं की तेही लालसर-गुलाबी होतं आणि तिथंही खाऱ्या पाण्यातले असलेच सूक्ष्मजीव रंग देतात. छोट्या रोहित पक्ष्यांची ती फार मोठी वीण-वसाहत आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ लोणारचं सख्खं भावंडच म्हणावं असा खड्डा आहे. अशनीनं पाडलेला, एक किलोमीटरहून थोडा जास्त रुंद, आत खारं पाणी. नाव त्स्वाइंग. तिथल्या त्स्वाना भाषेत याचा अर्थ ‘मिठाची जागा’. आपलं लोणार हे नावही ‘लवण’वरून, म्हणजे मिठावरून आलं, असं मानतात. लवणासुराची गोष्ट तुम्हाला आजीनं सांगितली असेलच.

एवढंच कशाला, ज्या काळ्या दगडावर बुलढाणा जिल्हा उभा आहे, तो दगडसुद्धा आफ्रिकेच्या शेजारात घडलेला! साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरावरून उत्तरेकडं सरकत होता. हे बेट मादागास्करच्या पूर्वेला आहे. तेव्हा जमिनीखालून लाव्ह्याचे थरच्या थर बाहेर आले आणि त्यांचंच दख्खनचं पठार झालं. शाळेत हे एका ओळीत शिकवतात आणि पुढं जातात. मला विचाराल तर यावर अख्खी सहल काढायला हवी.

कॅमेरेवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काका, दगडाचं खरं आहे. पण अर्ज वाचणारा माणूस दगड बघेल का?”

मुद्दा बरोबर होता. मग आम्ही वाऱ्याकडं वळलो.

जुन्या काळी धाऊंना इंजिन नव्हतं. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा वाहतो. तो पाठीशी घेऊन आपल्या आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरची गलबतं आफ्रिकेकडं जात. कापड न्यायची, लवंगा आणि हस्तिदंत आणायचं. याच समुद्रावरून गुलामांचाही व्यापार चाले, हेही लपवायला नको. झांजीबारला एके काळी त्याचा मोठा बाजार भरे. पुढं वारा उलटतो आणि नैऋत्येकडून वाहू लागतो. त्याच्यावर शिडं सोडून गलबतं परत घरी. झांजीबारची माणसं या दोन वाऱ्यांना ‘कास्काझी’ आणि ‘कुसी’ म्हणतात. कुसी म्हणजे आपला नैऋत्य मोसमी वारा. जूनमध्ये आभाळाकडं डोळे लावून बुलढाण्याचा शेतकरी ज्याची वाट पाहतो, तोच!

या वाऱ्याची वाट आपल्याकडं किती आतुरतेनं पाहतात याचा नमुना याच जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गावी अक्षय तृतीयेला घटमांडणी करतात. शेतात गोलाकार धान्यं मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. रात्रभर तिथं कुणी जात नाही. पहाटे मांडणीत काय हललं, काय भिजलं ते पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे आपण स्पष्ट म्हणू. पण पहाटेच्या अंधारात ते ऐकायला जमलेली शेतकऱ्यांची गर्दी खोटी नाही. आवाज टिपणाऱ्या मित्राला तर लोणार सोडून याच्यावर फिल्म करायची होती. ती पुढच्या खेपेला.

तर वारा पोचला की धाऊ पोचली, असं आम्ही ठरवलं. नाहीतरी अर्जात फक्त देश विचारला होता. पण भाचीचं समाधान झालं आणि तिनं ‘भारत’ लिहिलं ते जरा जोरात दाबून.

वाऱ्याबरोबर माणसं आणि शब्दही गेले. झांजीबारमध्ये स्वाहिली भाषा बोलतात. तिच्यात दुकानाला म्हणतात ‘दुका’. गाडीला ‘गारी’, रंगाला ‘रांगी’, पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’, धोब्याला ‘डोबी’. चहा तर ‘चाय’च आणि चपाती ‘चपाती’च. कोशिंबिरीसारखा एक प्रकार जेवणात वाढतात, त्याचं नाव ‘काचुम्बारी’! झांजीबारात १९३६ पर्यंत रुपया चालत होता. तिथल्या थिएटरांत १९५०-६० च्या काळात हिंदी चित्रपटांना तुफान गर्दी होई. आणि जगभर गाजलेला गायक फ्रेडी मर्क्युरी १९४६ साली झांजीबारच्या जुन्या शहरात एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शिकायला आला तो आपल्या पाचगणीला.

ते जुनं शहर म्हणजे ‘स्टोन टाउन’, पाषाणनगर म्हणू या. अरुंद गल्ल्या, पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, कोरीव दरवाजे. काही दारांवर पितळी खिळे ठोकलेले असतात. आपल्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या दारांची आठवण यावी तसे. २००० साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. समुद्रासमोर ओमानी अरबांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला किल्ला आहे. त्याच्या आत पायऱ्यापायऱ्यांचं उघडं प्रेक्षागृह आहे आणि महोत्सवाचे कितीतरी खेळ तिथंच, आभाळाखाली होत आले आहेत. पडदा, वर चांदण्या, शेजारी समुद्र. आपल्या जत्रेतल्या तंबूची मजा आणि किल्ल्याची ऐट, दोन्ही एकदम! महोत्सवानं आपले खेळ बेटावरच्या खेड्यांतूनही नेले आहेत. सिनेमा थिएटरात येणाऱ्यांनीच पाहावा, असा त्यांचा हट्ट नाही.

आफ्रिकेत महोत्सव आणखीही आहेत. ट्युनिसमधला कार्थेज १९६६ पासूनचा. बुर्किना फासो देशातल्या वागादुगूचा १९६९ पासूनचा. त्याच्या पहिल्या बक्षिसाला ‘येनेंगाचा सोनेरी घोडा’ म्हणतात. येनेंगा ही घोड्यावर बसून लढणारी दंतकथेतली राजकन्या. ऐकताना आपल्याला सिंदखेडराजाच्या जिजाऊंची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पण तिथली मुख्य स्पर्धा आफ्रिकी चित्रपटांसाठी असते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या महोत्सवाला जगभरचे चित्रपट येतात, त्यामुळे तिथं चढाओढ भारी. आमच्या तिघांसाठी झांजीबारच बरं होतं.

मग अर्ज भरायला बसलो. पूर्वी चित्रपट पाठवायचा म्हणजे फिल्मच्या रिळांचे जड डबे किंवा व्हिडिओ कॅसेट पोस्टानं रवाना करायची आणि ती वाटेत भिजू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे. आता चित्रपट इंटरनेटवर चढवून त्याची कडी पाठवतात. पण बाकीची कटकट कमी झालेली नाही. चित्रपट किती मिनिटांचा, कधी पुरा झाला, कुठल्या भाषेत, दिग्दर्शक कोण, दोन-तीन छायाचित्रं, आणि थोडक्यात गोष्ट.

ही ‘थोडक्यात गोष्ट’ लिहिताना सगळ्यांची त्रेधा उडाली. पहिल्या खर्ड्याची सुरुवात ‘अनादी काळी अंतराळातून’ अशी होती. पन्नास शब्द झाले तरी अशनी अजून जमिनीवर पडली नव्हती! शेवटी भाचीनं लिहिलं : ‘एका आजीच्या दोन बाजूंना दोन पाणी आहेत. एक पिता येतं, एक येत नाही. ती मधे बसून फुलं विकते.’ मला हे फार आवडलं. उरलेल्या शब्दांचं काय करायचं, असं कॅमेरेवाल्यानं विचारलं, तर ती म्हणाली, “शिल्लक ठेव.”

दुसरी कात्री लागली सुरुवातीला. चित्रपट सुरू झाल्यावर दोन मिनिटं नुसते आभारच होते. गणपती, आईवडील, गुरुजन, सरपंच, कॅमेरा देणारे काका, त्यांचे व्याही. निवड करणाऱ्यांसमोर शेकडो चित्रपट असतात. पहिल्या दोन मिनिटांत पडद्यावर नावांखेरीज काही दिसलं नाही तर ते तरी काय करतील? आभार शेवटी गेले. व्याही गळले.

तिसरा प्रश्न गाण्याचा. आजी धारेकडं पाहत गप्प बसतात तो सगळ्यात सुरेख प्रसंग. पण त्याच वेळी लांबून कुठल्यातरी लाउडस्पीकरवर एक हिंदी सिनेमाचं गाणं चालू होतं आणि ते माइकनं इमानानं टिपलं. दुसऱ्याचं गाणं आपल्या चित्रपटात वापरायचं तर मालकाची परवानगी लागते, पैसे लागतात. नसेल तर महोत्सव चित्रपट दाखवू शकत नाही. आवाजवाला मित्र दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला एकटा धारेवर जाऊन बसला आणि नुसत्या पाण्याचा आवाज घेऊन आला. तो आता त्या प्रसंगाखाली आहे. मूळच्यापेक्षा चांगला झालाय.

परवानग्या आणखी दोन होत्या. लोणारचा परिसर अभयारण्य आहे, म्हणून वन खात्याची. ती त्यांनी आधीच घेतली होती. आणि आजींची. तुमचं चित्र परदेशात दाखवू का, हे कागदावर लिहून घ्यावं लागतं. भाचीनं कागद वाचून दाखवला. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तठी पाऊस पडते का व?”

पडतो तर! झांजीबारला पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे मोठा, त्याला ‘मसिका’ म्हणतात. ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा, त्याला ‘वुली’. दोन पावसाळे ऐकून आजींनी “नशीबवान बाप्पा!” म्हणत अंगठा उठवला.

खरं भांडण झालं ते भाषेवरून. कॅमेरेवाल्याचं म्हणणं, आजींचं बोलणं कमी करून त्यावर इंग्रजीत भारदस्त निवेदन टाकू. नाहीतर तिकडं कुणाला काय कळणार? भाची ऐकेना. दोघं एक दिवस बोलले नाहीत.

तेव्हा मी त्यांना उस्मान सेम्बेनची गोष्ट सांगितली. हा सेनेगल देशातला. जन्म १९२३ चा. फ्रान्समध्ये मार्सेय बंदरावर हमाली केली, मग फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, नाव मिळवलं. पण त्याच्या लक्षात आलं, की आपल्या देशातल्या बहुतेक माणसांना वाचता येत नाही. मग ही पुस्तकं कुणासाठी? चाळिशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ मॉस्कोला सिनेमा शिकायला गेला! १९६३ साली त्यानं ‘बोरोम सारेत’ हा वीसेक मिनिटांचा लघुपट काढला. डाकार शहरातल्या एका घोडागाडीवाल्याचा एक दिवस, बस. दिवसअखेर पोलीस त्याची गाडी काढून घेतात. आफ्रिकी सिनेमाचा इतिहास सांगताना आज याच चित्रपटापासून सुरुवात करतात. पुढं १९६८ साली त्यानं ‘मांदाबी’ काढला तो आपल्या वोलोफ भाषेत. झांजीबारच्या महोत्सवात त्याच्या नावाचं पारितोषिकही दिलं गेलेलं आहे.

कॅमेरेवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “घोडागाडीवाला चालतो, तर आजी चालतील.”

आजींचं वऱ्हाडी जसंच्या तसं राहिलं. खाली इंग्रजी पट्टी आली. पट्टीत एका वेळी दोनच ओळी मावतात आणि वाचायला चार-पाच सेकंद मिळतात. ‘सासू-सुनेची विहीर’ इंग्रजीत लिहिली तर अर्धी पट्टी तीच खाते. शिवाय आपल्या ‘सासू-सून’ म्हणण्यात जी फोडणी आहे, ती त्यात कुठली? स्वाहिलीचा शब्दकोश पाहिला तर आणखी नवल. तिथं ‘म्क्वे’ हा एकच शब्द सासूलाही चालतो आणि सुनेलाही! विहिरीच्या दोन्ही बाजू एकाच नावाच्या. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, “मंग भांडण कोन कोनाशी करते?”

फीचंही सांगतो. बऱ्याच महोत्सवांना अर्जासोबत पैसे भरावे लागतात. काही ठग नुसता कागदावरचा महोत्सव भरवतात, फी घेतात आणि सगळ्यांनाच घरपोच प्रमाणपत्र पाठवतात. तेव्हा घरात कुणी चित्रपट पाठवणार असेल तर आधी पाहायचं : हा महोत्सव खरोखर भरतो का, गेल्या वर्षी काय दाखवलं, बघायला माणसं होती का. या मुलांकडं एकदाच फी भरण्यापुरते पैसे होते. त्यामुळे दहा ठिकाणी दगड मारून पाहू, हा मार्गच नव्हता.

शेवटची चौकट राहिली : हा चित्रपट याआधी कुठं दाखवला आहे?

काही महोत्सवांना कोरा, कुणी न पाहिलेला चित्रपट हवा असतो. आणि यांनी तर आदल्याच आठवड्यात तो दाखवून टाकला होता. आजींच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, पांढऱ्या चादरीवर. मी तिथं होतो. पोट्टे पुढं, बाया मागं, माणसं खिडकीत. पडद्यावर आजी दिसल्या तेव्हा एवढा गलका झाला, की पहिलं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. धारेचा आवाज सुरू झाला तेव्हा मात्र सगळे चिडीचूप. एक म्हातारबाबा नंतर म्हणाले, “धार रोज पायतो, पन आयकली आज.”

आवाजवाल्याचं मत पडलं, की शाळेतलं दाखवणं हे काही ‘दाखवणं’ नव्हे. चौकट रिकामी सोडू. उगाच अर्ज बाद व्हायचा. कॅमेरेवाला काहीच बोलला नाही. भाचीनं नियम दोनदा वाचले. मग गावाचं नाव लिहिलं, पुढं ‘जिल्हा परिषद शाळा, तिसरीचा वर्ग’ असं लिहिलं, आणि प्रेक्षकांच्या रकान्यात ‘साठ, शिवाय खिडकीतले’.

चित्रपट चढायला रात्र लागली. दोनदा वीज गेली, एकदा नेट. पहाटे कधीतरी ‘पोचला’ असा निरोप आला. निवड झाली की नाही, हे कळायला काही महिने लागतात. आजी मात्र अधूनमधून चौकशी करतात. झांजीबारवाल्यांना आणखी एक विचारायचं राहिलं, असं त्यांचं म्हणणं आहे. चहूकडं खारं पाणी, मग ते पितात काय? अर्जात त्यासाठी चौकट नव्हती. भाचीनं तो प्रश्न वेगळ्या चिठ्ठीत लिहून पाठवलाय.